बरकातच्या हजची भिंत

मी घाबरणाऱ्यातली बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी चांगली चारदा घाबरले आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हिला सवयच असेल.

नाइलच्या पश्चिम काठावर, उसाच्या मळ्यांमागे आमचं गाव. तिथे कुणालाही विचारा, रतीबा कशी आहे? सांगतील, हळू बोलते, कमी खाते, आणि एक वेळ घड्याळ चुकेल पण तिचा नेम चुकणार नाही. सोमवार-गुरुवारचे रोजे, पाच वेळची नमाज, आणि शिवाय माझा स्वतःचा एक नेम. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी तो पाळते आहे. पहाटेची नमाज झाली की सूर्य वर येईपर्यंत तस्बीहचे मणी ओढायचे आणि अल्लाच्या नावाशिवाय जिभेवर दुसरा शब्द आणायचा नाही. घराला आग लागली तरी. घराला कधी आग लागली नव्हती, म्हणून हे म्हणणं सोपं होतं.

यंदा माझा धाकटा भाऊ बरकात हजला गेला. हाजी परत यायच्या आत त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवून तयार हवी, ही आमच्याकडची रीत. भिंतीवर काबा हवा, उंट हवेत, ज्या विमानाने गेला ते विमान हवं, आणि इहरामच्या दोन पांढऱ्या कापडांत हात पसरून उभा असलेला खुद्द हाजी हवा. कोरी भिंत घेऊन हाजी गावात आला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याची घरी कुणी वाट बघत नव्हतं.

गावात ही कामं उस्ताद अवदल्ला करतो. त्याच्याकडे पत्र्याचे छाप आहेत. छाप भिंतीला लावायचा, वरून रंग मारायचा, झाला उंट. गावातल्या अकरा भिंतींवर त्याचे बावीस उंट आहेत आणि बावीसही उजवा पाय पुढे टाकून चालले आहेत.

"त्याला बोलवू नका," मी भावजयीला म्हटलं. "भिंत मी रंगवते. चौदा दिवस हातात आहेत, दहा पुरतील."

एतिदाल मुलूखियाची पानं चिरत होती. तिचा विळा थांबला.

"वन्सं, तुम्ही? तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलंत?"

"नऊ वर्षांची असताना."

"आणि आता छप्पन्न." तिने पानं परत गोळा केली. "मग हात चांगला बसला असेल."

तिचंही बरोबर होतं. पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. आमचे सब्रीकाका गावातल्या हाजींच्या भिंती रंगवायचे, आणि लहानपणी त्यांच्या रंगाची मडकी मी वाहायची. काजळीचा काळा, विटकरीचा तांबडा आणि कपड्याच्या निळीचा निळा, एवढेच रंग. एकदा काका गावाला गेलेले असताना मी आईची आठवडाभराची नीळ घेतली आणि घराच्याच भिंतीवर होडी काढली. फुगलेलं शीड, खाली पाणी, पाण्यात शिडाची सावली. वडिलांनी बघितलं. रागावले नाहीत. चुना कालवला, भिंतीवर हात मारला, आणि काकांना सांगितलं की उद्यापासून पोरीला नेऊ नकोस, मोठी झाली. तेवढंच.

ती होडी मी सत्तेचाळीस वर्षं मनात ठेवली. लग्न झालं, नवऱ्याची आजारपणं झाली, तो गेला, माहेरच्याच घरी, भावाकडे येऊन राहिले. झोप लागली नाही की मी मनातल्या मनात त्या शिडाच्या घड्या काढत बसायची. पण कुंचला परत हातात घेतला नाही. का घ्यायचा, ते सांगायला कुणी नव्हतं. आता सांगायला सबंध भिंत होती.

"ठीक आहे," एतिदाल म्हणाली. "पण मधल्या शुक्रवारपर्यंत भिंतीचं काही खरं दिसलं नाही, तर उस्तादला बोलवणार. हाजीच्या दारात मला हसं करून घ्यायचं नाही."

कामाला लागले. काकांचा पहिला नियम होता, जुने पापुद्रे खरवडल्याशिवाय नवा रंग धरत नाही. दोन दिवस मी भिंत खरवडली. एतिदालच्या लग्नातला गुलाबी निघाला, त्याखालचा हिरवा निघाला, कांद्यासारखी एकेक साल निघत गेली आणि शेवटी दगडासारखा घट्ट पांढरा थर लागला. तिथे थांबले. वरून चुन्याचा एक पातळ हात दिला. काकांचा दुसरा नियम असा की ज्या जागी रंगवायचं ती जागा आधी पाण्याने भिजवायची. आमची भिंत पूर्वेला, आणि दिवस जूनचे. ऊन आलं की शिंपडलेलं पाणी डोळ्यांदेखत उडतं. म्हणून भिजवायचं ते पहाटेच. मी हिशेब जमवला. उजव्या हाताने मणी, डाव्या हाताने पाण्यात बुडवलेला खजुराचा झाडू. जीभ जपाला, हात कामाला. स्वतःच्या हुशारीवर मी खूष होते.

पहिल्या दिवशी शिडीवर चढून दाराच्या चौकटीवरची जागा भिजवली. विमान तिथे यायचं होतं. आभाळ नुकतं राखाडी होत होतं. पाणी भिंतीत मुरलं आणि आतून एक डोळा वर आला.

उघडा, माणसाचा डोळा. काळीभोर बाहुली, वर निळसर पापणी. पाण्याखालचा खडा पाणी निवळल्यावर दिसावा तसा हळूहळू दिसायला लागला, आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी शिडीवर डावीकडे सरकले. तोही सरकल्यासारखा वाटला. माझे मणी सुटले नाहीत, हे मी अभिमानाने सांगते. तोंडातून दुसरा शब्द आला नाही, हेही खरं. मात्र त्या दिवशी अल्लाचं नाव मी जितक्या मनापासून घेतलं, तितकं पूर्वी घेतल्याचं आठवत नाही.

सूर्य वर आला. भिंत वाळली. डोळा जसा आला तसा आत गेला.

"एतिदाल, भिंतीत डोळा आहे."

ती आली, चौकटीवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. भिंत दह्यासारखी पांढरी होती.

"किती डोळे?"

"एक."

"मग नजर लागली तरी निम्मीच लागेल. वन्सं, काल रोजा होता, रात्री काही खाल्लंत का?"

मी तिथे विमान काढायचं सोडून खाली उंट काढायला घेतले. पहिला उंट शेजारच्या उम्म जकीने म्हैस म्हणून ओळखला. दुसरा तिने ओळखलाच नाही, मुकाट्याने पुढे गेली. तिसऱ्याची मान काढताना मात्र काहीतरी झालं. मनगट आपणहून वळलं. वळण कुठे घ्यायचं ते मला आठवत नव्हतं, हाताला आठवत होतं. उंट उभा राहिला, डावा पाय पुढे टाकून. मी कुंचला हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. डोळ्याचं भय तेवढ्यापुरतं विसरले.

दुसऱ्या पहाटे उंटांच्या पायाजवळची जागा भिजवली आणि तिथून हात वर आला.

निळा, फुगलेला, बोटं फाकवलेला हात. मी बोटं मोजली. सहा. परत मोजली. मणी मोजायची सवय आहे, चुकत नाही. सहाच होती. ती कशाला तरी धरू बघत होती. मी माझं पाऊल मागे घेतलं.

त्याच दिवशी बरकातचा फोन लागेनासा झाला. मोबाइल बंद. एतिदाल दिवसभर नंबर लावत होती आणि संध्याकाळी तिने भाकरीला हात लावला नाही.

"तिकडे लाखो माणसं," मी म्हटलं. "लागेल उद्या."

"तुम्ही सकाळी परत काही बघितलंत का?"

मी खोटं बोलत नाही. "हात बघितला," मी म्हटलं.

तिने आपली खाट भिंतीपासून ओढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला.

तिसऱ्या पहाटे मी भिंतीची सबंध खालची पट्टी भिजवली. का, विचाराल तर कामासाठी, असं सांगेन. खरं म्हणजे मला तो पुरता बघायचा होता. एक तुकडा बघून जगणं कठीण असतं.

आणि तो आला. आडवा. पायांपासून गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, कापडाच्या कडा निळ्या, घड्या निळ्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं. सहा बोटांचा हात कापडाबाहेर लोंबत होता. छातीवर काहीतरी बसलं होतं. त्याच्या खालच्या भागाला झाडू नीट लागला नव्हता, दिसली ती फक्त चोच आणि पसरलेला पंख.

आमच्याकडे म्हणतात, माणूस जातो तेव्हा जीव पाखरू होऊन उडतो. आणि पांढरं कापड इहरामचं असतं तसं कफनाचंही असतं.

नेमकी त्याच वेळी एतिदाल कबुतरांना दाणे टाकायला बाहेर आली.

"वन्सं? काय झालं? चेहरा असा का?"

सूर्य यायला सात-आठ मिनिटं होती. माझे ओठ हलत होते, पण ते जपाचे. मी हाताने सांगायला गेले. भिंतीकडे बोट केलं. मग एक माणूस आडवा आहे असं सांगायला तळवा गालाखाली घेतला. मग काय प्रकार आहे तो वरच्यालाच ठाऊक, म्हणून आभाळाकडे बोट केलं. मग तिने घाबरून ओरडू नये म्हणून दोन्ही तळवे खाली दाबले, शांत, शांत.

एतिदालने ते वाचलं ते असं. भिंतीतला तो आपला माणूस. झोपला. वर गेला. संपलं.

"फोन आला होता का?" तिने पुटपुटत विचारलं.

थांब, थांब, म्हणून मी हात हलवला. तिला वाटलं, फोनही संपला. हातातली परात खाली पडली आणि तिने जी किंकाळी फोडली ती, नंतर कळलं, नदीपलीकडे नावाड्यांनी ऐकली.

एक शब्द बोलले असते तर तिथेच मिटलं असतं. ते मला ठाऊक होतं. पण अकरा वर्षांचा नेम! मी भराभर मणी ओढायला लागले, जणू त्याने सूर्य लवकर वर येणार होता. उम्म जकी धावत आली, तिच्यामागे तिच्या सुना. मी त्यांना खुणेने नाही-नाही सांगितलं. उम्म जकीने माझं डोकं छातीशी धरलं. "बघा गं, धक्क्याने वाचा गेली पोरीची."

त्या सात मिनिटांत आणखी एक झालं. एवढ्या बायका रडताना बघून मलाही खरंच वाटायला लागलं. बरकात गेला असेल तर? मी चित्र काढायला बसले म्हणून गेला असेल तर? मी मनात म्हटलं, या रब्ब, माझा भाऊ सुखरूप येऊ दे, मी आयुष्यात परत कुंचला धरणार नाही. आणि डोळे भरले, ते भावासाठी किती आणि त्या तिसऱ्या उंटासाठी किती, त्याचा हिशेब मी आजही देऊ शकत नाही.

सूर्य आला. मी बोलले. "अगं, कुणाचाही फोन आलेला नाही. मी फक्त भिंतीत..."

पण माझा आवाज मुळात हळू. चाळीस बायकांच्या रडण्यात तो मलाच ऐकू आला नाही. तोवर भिंत वाळून पुन्हा निष्पाप झाली होती. आठ वाजता अंगणात चटया पडल्या. नऊ वाजता मयताच्या घरची बिनसाखरेची कॉफी फिरायला लागली. उस्ताद अवदल्ला काळा गलाबिया घालून आला आणि पुरुषांत बसला. माझ्या उंटांकडे बघून हलकेच म्हणाला, "मी तर आधीच म्हटलं होतं, हे काम छापानेच करावं. छापाला कधी कुणाचा आत्मा लागत नाही."

मग मशिदीतले शेख तुहामी आले. म्हातारे, कानाने अधू, मनाने निर्मळ. त्यांना सगळ्यांनी मिळून सांगितलं की भिंतीत मयत दिसते. त्यांनी बादलीभर पाणी मागवलं, त्यावर आयती पढून फुंकर घातली आणि म्हणाले, "जिन असेल तर निघून जाईल. बाजूला व्हा."

आणि बादली भिंतीवर रिकामी केली.

भर उन्हात, साऱ्या गावासमोर, तो वर आला. पांढरं कापड, उघडं तोंड, सहा बोटं. बायका किंचाळत मागे सरल्या. पुरुष आधीच मागे सरले होते. एतिदाल जमिनीवर बसली. शेखसाहेब एक आयत विसरून दुसरीत शिरले.

मी पुढे गेले. शूर म्हणून नाही, मागे जायला जागा नव्हती म्हणून. आज पहिल्यांदा तो सगळा भिजला होता, छातीवरचं पाखरूसुद्धा, खालपर्यंत. त्याला तुरा होता. गुबगुबीत पोट होतं. आणि पाय तीन होते.

तीन पाय.

लहानपणी मी धुळीत रेघोट्या ओढायची तेव्हाचा सब्रीकाकांचा आवाज मला कानाशी ऐकू आला. रतीबा, कोंबडीला दोन पाय असतात गं. आणि त्यावर नऊ वर्षांच्या मुलीचं उत्तर, दोनावर ती पडेल ना काका.

"ही कोंबडी आहे," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. ओरडले. "कोंबडी आहे ती! मी काढलेली! आणि खाली झोपलाय तो बरकात, चार वर्षांचा!"

उम्म जकी जवळ आली, वाकून बघितलं. "आणि सहावं बोट?"

"तेव्हा मोजता येत नव्हतं," मी म्हटलं.

उस्ताद अवदल्लाने भिंतीला बोट लावून बघितलं, मग बोट चाटलं. "खरवडलंत ते पार शेवटच्या थरापर्यंत, आणि वर चुना दिलात चहाच्या सायीएवढा. ओल्या चुन्यातून खालचं दिसणारच. कोणताही रंगारी सांगेल." त्याने कॉफीचा दुसरा पेला घेतला. "विचारायचं होतंत."

पण एतिदाल अजून जमिनीवरच होती. "कोंबडी असू दे," ती म्हणाली. "तो कुठे आहे ते सांगा. माझ्याशी कालपासून बोलला नाही."

कोंबडी माझी होती म्हणून भाऊ जिवंत ठरत नव्हता. तेवढ्यात उम्म जकीच्या सुनेला सुचलं की तिचा दीर बरकातच्याच तुकडीत आहे. तिने फोन लावला. लागला. दिराने तो बरकातच्या हातात दिला.

"काय गं, एवढी रडारड कसली?" बरकातचा आवाज. "कोण गेलं?"

"तुम्ही," एतिदाल म्हणाली.

"कधी?"

"आज सकाळी. फोन का बंद ठेवलात?"

"तू रोज सामानाची यादी सांगत होतीस," तो म्हणाला. "एक मशीन, दोन गालिचे, सात जणींना कापड. मी इथे तोबा करायला आलोय, एतिदाल. ती शांतपणे बसून करायची होती."

तिने त्याला जे सांगितलं ते मी लिहीत नाही. पण सांगताना ती रडत होती आणि तिच्या डाव्या हाताने माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं.

लोक गेले. कॉफीचे पेले उरले. एतिदाल नाक पुसून म्हणाली, "वन्सं, नऊ दिवस राहिले. उठा, विमान काढा."

"आता नाही जमायचं," मी म्हटलं. "मी नवस केला. तो सुखरूप आहे, म्हणजे माझा कुंचला संपला."

नेम पाळणाऱ्या बाईला नवस म्हणजे नवस. तिने पुष्कळ समजावलं. मी मडकी धुवून पालथी घातली. शेवटी तिनेच शेख तुहामींना दारातून परत ओढून आणलं आणि त्यांच्या कानात सगळं ओरडून सांगितलं.

"नवस कसा केलास, बेटी?" त्यांनी विचारलं. "तोंडाने बोललीस?"

"नाही. तोंडात जप होता. मनात केला."

"मग नवस झालाच नाही. जिभेवर आल्याशिवाय नवस लागत नाही. मनातलं अल्लाने ऐकलं, आणि भाऊ तसाच दिला, असं समज." ते काठी टेकत उठले. "तो तिसरा उंट कुणी काढला?"

"मी."

"तो चांगला आहे," ते म्हणाले आणि गेले.

तरी मनाच्या समाधानासाठी मी तीन रोजे केले. आणि भिंत आठ दिवसांत पुरी केली.

बरकात आला तेव्हा सगळं गाव सोबत होतं, डफ होता, एतिदालने दारात सरबत ठेवलं होतं. त्याने काबा बघितला, उंट बघितले, विमान बघितलं, इहराममधला स्वतः बघितला, पाच बोटांचा. मग भिंतीवर काहीतरी शोधायला लागला.

"आक्का, माझी कोंबडी कुठे आहे?"

"तुला आठवते?"

"न आठवायला काय झालं? पोटावर अंडं घातलं होतं तिने. मला उठवायचं सोडून तू चित्र काढत बसलीस."

"आणि होडी?" मी हळूच विचारलं. "फुगलेल्या शिडाची?"

"कसली होडी? तू होडी कधी काढलीस?"

म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी जिच्यासाठी झुरले ती तीन पायांची कोंबडी होती. हे पचवायला मला दोन दिवस लागले. आता मी होडी काढायला शिकते आहे, कागदावर, खऱ्या होडीसमोर बसून. शीड अजून नीट फुगत नाही. गावातल्या तीन घरांनी पुढच्या वर्षाची भिंत मलाच सांगितली आहे. मात्र काम पक्कं करण्याआधी तिघांनीही भिंतीवर बादलीभर पाणी मारून खाली कुणी झोपलेलं नाही याची खात्री करून घेतली.

आता एकच सांगायचं राहिलं. चित्रात बरकात झोपलेला आहे, त्याचे डोळे मिटलेले. कोंबडीचा डोळा आहे, तो माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. चौकटीच्या वर, शिडी लावल्याशिवाय छप्पन्न वर्षांच्या बाईचाही हात पोचत नाही, तिथे नऊ वर्षांची मुलगी कशी पोचेल? मी काकांच्या जुन्या ओळखीच्यांना विचारलं. तिथे कुणीच कधी काही काढलं नव्हतं.

मी त्या जागेवर चुन्याचे चार जाड हात दिले आणि वर विमान काढलं. पहाटे जप करताना भिंतीकडे पाठ करून बसते. घाबरते म्हणून नव्हे. पाठीला वारा बरा लागतो.